चोविसाव्या हिश्श्याचं चेतक

“सर, हे उडायलं का उभं हाय?”

सुभेदारांचा प्रश्न मला आधी कळलाच नाही. टेबलावर माझं चेतक होतं. सात महिन्यांचं काम. तिन्ही चाकं टेबलाला टेकलेली, मागचं दार सरकवलेलं, आत माणूस नाही. उभंच आहे की, मी म्हटलं.

“मग पाती अशी ताठ कशी? उभ्या हेलिकॉप्टरची पाती मान टाकत्यात.” त्यांनी हात आडवा धरला आणि मनगटापासून बोटं हळूच खाली सोडली. “ही अशी.”

सुभेदार कन्नडला आमच्याच आळीत राहतात. फौजेत असताना एकदा तापानं फणफणले होते, तेव्हा त्यांना चेतकमधून दवाखान्यात हलवलं होतं. चेतकमध्ये पायलटच्या मागे दोन स्ट्रेचर बसतात. त्यातल्या एकावर पडून त्यांनी अख्खा प्रवास छताकडे बघत केला आणि खाली उतरवल्यावर डोक्यावर आलेली पाती पाहिली. मी त्या यंत्राचे फोटो भिंग लावून पाहिले होते, रिबिटी मोजल्या होत्या. पण जमवलेले बहुतेक फोटो उडतानाचे. उडताना पाती खाली लोंबत नाहीत, उलट सगळ्या हेलिकॉप्टरचं ओझं त्यांच्यावर लटकलेलं असतं, म्हणून ती टोकाकडे थोडी वरच उचललेली दिसतात. मी ना धड वर उचलली, ना खाली सोडली. फूटपट्टीसारखी सरळ ठेवली. असं हेलिकॉप्टर आकाशातही नसतं आणि जमिनीवरही नसतं.

ही चूक मापाची नव्हती. मापं बरोबर होती, आणि तिथेच गोम आहे.

प्रमाण म्हणजे काय हे मराठी पोराला खरं तर दिवाळीतच कळायला हवं. किल्ला दोन फुटांचा, महादरवाजा काडेपेटीएवढा आणि सिंहासनावरचे महाराज वीतभर. महाराजांना गड उतरायचा झाला तर तट ओलांडूनच उतरावं लागेल. पायथ्याशी शेतात अळीव उगवलेले, ते मावळ्यांच्या कमरेला लागतात. यात कुणाला काही खटकत नाही, कारण किल्ल्यावरचं प्रमाण मानाचं असतं. ज्याचा मान मोठा त्याची मूर्ती मोठी. हेलिकॉप्टरची प्रतिकृती करायला बसलं की हा मान काढून मोजपट्टीच्या हाती द्यावा लागतो, आणि मोजपट्टीला कुणाची भीडभाड नसते.

जगभरच्या हौशी लोकांत सगळ्यात रुळलेलं प्रमाण १:७२. हा आकडा विचित्र वाटतो, पण इंच-फुटांच्या हिशेबात तो सरळ आहे: सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये विमानांच्या छोट्या प्रतिकृती या मापात निघू लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानं त्यांचा खेळ संपवून त्यांना कामाला लावलं. डोक्यावरून जाणारं विमान आपलं की शत्रूचं, हे आकृतीवरून ओळखायला सैनिकांना शिकवायचं होतं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं करून मागितली, १:७२ च्या मापात, काळ्या रंगात. बाकी तपशील नको, फक्त सावली बरोबर हवी. युद्ध संपल्यावर प्लॅस्टिकचे साचे आले, खोक्यातून सुटे भाग मिळू लागले आणि लोक जे काळं होतं त्यावर रंग, अंक, रिबिटी शोधू लागले.

मी १:२४ घेतलं. एक कारण वय. बहात्तराव्या हिश्श्यात पायलटची खुर्ची हरभऱ्याएवढी होते आणि माझा चष्मा आता तेवढा कामाचा राहिला नाही. दुसरं कारण म्हणजे खोक्यातलं परदेशी चेतक मागवून जोडायचं नव्हतंच. जे करायचं ते कन्नडच्या बाजारपेठेत मिळेल त्यातून. चोवीस हे प्रमाण अशा कामाला सोयीचं. मोजपट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्यातले चोवीस, आणि एक मिलिमीटर म्हणजे साधारण एक इंच. चालता चालता तोंडी हिशेब होतो.

आता खऱ्या यंत्राविषयी. चेतक मूळचं फ्रेंच. ‘अलूएत-३’ या नावानं ते १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालं. १९६२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ते भारतात बांधण्याचा करार केला आणि बंगळुरूत जोडलेलं पहिलं हेलिकॉप्टर १९६५ मध्ये आकाशात गेलं. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव त्याला आपण दिलं. तीनशेहून जास्त चेतक आपल्याकडे तयार झाली. हवाई दल, नौदल, तटरक्षक दल, लष्कर, सगळ्यांनी ती वापरली. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात याच जातीच्या एका हेलिकॉप्टरला १४ रॉकेटं आणि मशीनगन बसवून, तळाला इंचभर जाडीचा पोलादी पत्रा ठोकून नारायणगंजजवळच्या तेलसाठ्यावर धाडलं होतं. मुळात हा घोडा मात्र ओझ्याचा आणि रुग्णांचा. आपल्याकडे नाशिक रोडला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा २००३ पासून आहे. लष्कराचे वैमानिक चेतक आणि चीता यांच्यावरच तिथे हात बसवत आले. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, तिथे चेतकच्या भोवती फिरून, वाकून, पोटाखाली डोकावून बघता येतं. प्रतिकृती करणाऱ्याला पोटाखालचं फार लागतं, कारण फोटो काढणारे तिथे कधी वाकत नाहीत.

चेतकची लांबी शेपटासकट १०.०३ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर ४१.८ सेंटिमीटर. पात्यांच्या घेराचा व्यास ११.०२ मीटर, म्हणजे ४५.९. आराखडा मिळाला तो बहात्तराव्या हिश्श्यातला. त्याला तिप्पट करायचा तर झेरॉक्सच्या दुकानात आधी १५० टक्के आणि मग त्याच प्रतीवर २०० टक्के. एक सांगून ठेवतो. झेरॉक्सचं यंत्र कधी कधी कागद ओढताना लांबीत किंचित ताणतं आणि रुंदी तशीच ठेवतं. आराखड्यावर आधी दोन्ही दिशांना दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा मारून घ्याव्यात आणि मोठी केलेली प्रत आली की त्या मोजाव्यात. मी मोजल्या नाहीत. पहिलं चेतक दीड आठवडा केल्यावर लक्षात आलं की ते उपाशी दिसतंय.

सांगाडा सनबोर्डाचा. फ्लेक्सवाल्यांकडे त्याच्या कातरणी पडलेल्या असतात आणि निवडणूक झाली की तर ढिगानं. आडवे काप कापायचे, मधून कणा घालायचा, वरून पातळ कातडी चढवायची, म्हणजे होडी बांधतात तसंच. खुर्च्या आणि फरशी मुदत संपलेल्या एटीएम कार्डांची. कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. चोवीसनं गुणलं की १८ मिलिमीटर, फरशीला ठीक. खऱ्या हेलिकॉप्टरचा पत्रा मात्र कार्डात बसत नाही. एक मिलिमीटरचा पत्रा चोविसाव्या हिश्श्यात ०.०४ मिलिमीटरचा होतो. म्हणून उघड्या दाराची कड दिसते तिथे पोळ्या गुंडाळायची चांदी दुहेरी करून लावली.

या कामातला माझा खरा आनंद इंजिनात होता. चेतकचं इंजिन झाकलेलं नसतं. पात्यांच्या खांबामागे, पाठीवर, ते सगळ्यांना दिसेल असं उघडं ठेवलेलं असतं, जसं जुन्या डिझेल इंजिनाचं सगळं अंग विहिरीच्या काठावर दिसायचं. आर्तुस्त नावाचं हे फ्रेंच टर्बाइन मुळात ८७० अश्वशक्तीचं, पण चेतकमध्ये ते मुद्दाम ५७० वर बांधून ठेवलंय. यात मेख अशी की उंचावर हवा विरळ झाली म्हणजे इंजिनाचा दम कमी होतो; इथे मुळातच राखून ठेवलेली ताकद असल्यामुळे बऱ्याच उंचीपर्यंत ५७० ची खात्री राहते. याच इंजिन-पात्यांचं चुलतभावंड चीता. त्याच्या फ्रेंच अवतारानं १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती.

उघडं इंजिन म्हणजे उघड्या नळ्या. तेलाच्या, इंधनाच्या, विजेच्या. त्यांच्यासाठी मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. कन्नड तालुक्यात विहिरी, विहिरींवर मोटारी, आणि उन्हाळ्यात दिवसाआड जळणाऱ्या मोटारी. त्यामुळे अशा दुकानांना तोटा नाही. जळक्या तारेचे वेटोळे कोपऱ्यात पडलेले असतात, पण जळकी तार काळी आणि ठिसूळ होते. नव्या रिळाची शेवटची शेपटं मागावीत. “किती नंबरची देऊ?” दुकानाच्या मामांनी विचारलं. ३६ नंबरची तार ०.१९ मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात साडेचार मिलिमीटरची नळी. ३० नंबर म्हणजे साडेसात. २६ नंबर म्हणजे अकरा. मी तिन्ही मागितल्या. “एका मोटारीला तीन नंबर?” म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. हेलिकॉप्टरचं सांगितल्यावर त्यांनी वीतवीतभर दिल्या, आणि तार वाकवताना नखानं नाही, रिफिलच्या नळीवर गुंडाळून वाकवा, म्हणजे कोपरा मोडत नाही, हेही सांगितलं. ही युक्ती मी पुस्तकात वाचली नव्हती. तांब्याच्या तारेवरचं वार्निश तसंच ठेवलं तर ती तेल लागून तापलेल्या नळीसारखी दिसते, रंग लावावाच लागत नाही.

हवेचा वेग मोजणारी नळी इन्सुलिनच्या सुईची. बाकी काही गोष्टी घरात बायको शोधत होती.

काच मात्र अंगाशी आली. चेतकचं तोंड म्हणजे एक मोठा काचेचा फुगा. आधी शिसवीच्या तुकड्यातून त्या फुग्याचा आकार तासला, पॉलिश पेपरनं घोटला. मग थंड पेयाच्या गुळगुळीत बाटलीचं बूड कापून आत लाकूड ठेवलं आणि बाहेरून गरम हवा सोडली. या बाटलीचं प्लॅस्टिक ताणून फुगवलेलं असतं; ऊब मिळाली की ते पुन्हा आक्रसतं आणि आतल्या लाकडाला चिकटून बसतं. चौथ्या बाटलीत सुरकुती न पडता काच निघाली. इतकी नितळ की उचलताना जीव धास्तावला. ती मी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवली आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर काचेच्या आतून पांढरं धुकं. आणि धुक्यात, डाव्या बाजूला, माझ्या अंगठ्याचा ठसा. रेषा न् रेषा.

त्या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडली की जिथे ओलावा किंवा बोटाचा घाम असेल तिथे घट्ट होऊन पांढरी बसते. गुन्हे तपासणारे लोक हेच मुद्दाम करतात: संशयित वस्तू पेटीत ठेवून याच गोंदाची वाफ सोडतात आणि न दिसणारे ठसे उठवतात. माझ्या चेतकमध्ये पायलट नव्हता, पण त्याच्या जागी कोण बसलं होतं याचा पुरावा पक्का झाला. पाचवी बाटली. या वेळी साधा पांढरा फेविकॉल. तो वाळायला रात्र घेतो पण वाळला की पारदर्शक होतो आणि धूर सोडत नाही.

तर लांबी, जाडी, व्यास हे सगळं चोवीसनं भागून मिळतं. वजन मिळत नाही. ते भागायचं झालं तर चोवीसनं तीनदा भागावं लागतं, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी झालेली असतात. २४ गुणिले २४ गुणिले २४ म्हणजे १३,८२४. रिकाम्या चेतकचं वजन साधारण ११४० किलो. त्याला १३,८२४ नं भागलं की उरतात ८२ ग्रॅम. पाव किलोचा निम्मा गूळही याहून जड. माझं चेतक मी आमच्या सोनारांच्या काट्यावर नेऊन ठेवलं. ३११ ग्रॅम. सोनार म्हणाले, “सर, यात खोट फार आहे.”

सोनाराकडे माझं जाणं-येणं या कामानं वाढलं. बारीक करवत, चिमटे, तीनधारी कानस ही सगळी हत्यारं त्यांच्याकडचीच. यात नवीन काही नाही. आमच्या तालुक्यातच, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोरा लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची. तिथे ढिगारा उपसताना एक दगडी यक्ष सापडला, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लेख कोरलाय: कान्हदासानं केला, आणि हा कान्हदास होता सोनार. दागिने घडवणाऱ्या माणसानं दगडातलं मोठं काम हातात घेतलं आणि वर नाव टाकलं. त्याचा प्रवास छोट्याकडून मोठ्याकडे झाला, माझा उलटा. तिथल्या लेण्यांत लाकडी घरांच्या तुळया आणि कमानीसुद्धा दगडात उतरवल्या आहेत. दगडाला त्या तुळयांची गरज नव्हती. त्यांच्याशिवाय ते घर घर वाटलं नसतं, म्हणून कोरल्या.

मुद्दा वजनाचा. वस्तू छोटी झाली की तिचं वजन झपाट्यानं घटतं, पण ताकद तितकी घटत नाही. म्हणून मुंगी स्वतःपेक्षा जड दाणा ओढते आणि हत्तीला उडी मारता येत नाही. खरं पातं साडेपाच मीटरचं, एका टोकाला धरलेलं. ते स्वतःच्या भारानं लवतं. तेच पातं, त्याच धातूचं, चोविसाव्या हिश्श्यात केलं तर ते चोवीस पट कमी लवायला हवं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते चोवीस वर्गाच्या, म्हणजे ५७६ पट कमी लवतं. समजा खरं पातं टोकाला २४ सेंटिमीटर खाली आलं. माझ्या टेबलावर ते एक सेंटिमीटर आलं पाहिजे. येतं किती? अर्ध्या मिलिमीटरलाही कमी. डोळ्याला सरळच. गुरुत्वाकर्षण मोजपट्टीचं ऐकत नाही. जे निसर्ग खऱ्या यंत्राला फुकट करून देतो, ते छोट्याला हातानं करून द्यावं लागतं.

हे एकदा डोक्यात बसलं की चुका दिसायलाच लागतात. चाकं माझी पूर्ण गोल होती. वर टनभर बोजा असलेला टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि बाजूला फुगतो. पॉलिश पेपरवर तीन-चार वेळा घासून चाकांचे तळ सपाट केले, लगेच चेतक टेबलावर ‘बसलं’. रंगाचंही तेच. खऱ्या हिरव्याची बरोबर छटा छोट्या वस्तूवर काळपट दिसते, कारण खरं हेलिकॉप्टर आपण लांबून, मधल्या हवेतून बघतो. हिरव्यात पांढरा मिसळावा लागला, किती ते डोळ्यानंच. विनाइलचं स्टिकर ०.१ मिलिमीटरचं असलं तरी खऱ्यात अडीच मिलिमीटरचं ठिगळ होतं, म्हणून हवाई दलाचं चक्र, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं, कंपासात रूलिंग पेन अडकवून थेट रंगानं काढलं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी मुलांकडून घोटून घेतलेलं कौशल्य निवृत्तीनंतर मला स्वतःलाच एकदा उपयोगी पडलं. आणि कापसाच्या दिवसांत रंग देऊ नका. एक तंतू ओल्या रंगात पडला की खऱ्यात तो अर्ध्या मिलिमीटरची तार असतो, आणि आमच्याकडे त्या दिवसांत हवेत तंतूच असतात.

पाती आधी ॲल्युमिनियमच्या पट्टीची केली होती. ती काढली. लवण द्यायची तर ती खांबापासून टोकाकडे वाढत जाणारी हवी. एका जागी वाकवलं की मोडल्यासारखं दिसतं. ॲल्युमिनियमला ते जमेना. बाजारात टोपल्या विकायला बसणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी एक कामटी घेतली, ओल्या फडक्यानं पुसली, शेगडीवर लांबून शेकत फिरवली आणि दोन्ही हातांनी अशी दाबली की ती स्वतःहून झुकल्यासारखी झुकली. थंड होईपर्यंत सोडली नाही. “गरम असताना सोडली की परत सरळ व्हती,” एवढंच म्हणाल्या. पात्याची रुंदी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे माझी दीडेक सेंटिमीटरची. तीन कामट्या तासल्या, पुढची कड गोल, मागची धारेसारखी.

इथे एक सापळा आहे. कड पुढची कुठली हे पातं कुठल्या दिशेनं फिरतं त्यावर ठरतं, आणि अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, फ्रेंच घड्याळाप्रमाणे. चेतक फ्रेंच कुळातलं. लक्षात ठेवायला सोपं: घरातला छताचा पंखा खालून बघितला तर सहसा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे वरून घड्याळाप्रमाणे. चेतकही तसंच. मी तीन पाती बसवण्याआधी खाटेवर उताणा पडून पंखा चालू-बंद करत बसलो होतो, घरच्यांनी काही विचारलं नाही. पात्यांना एकमेकांपासून अंतरावर धरून ठेवणाऱ्या तीन बारीक दोऱ्या असतात, त्या ३६ नंबरच्या तारेच्या ओढून घेतल्या.

नव्या पात्यांची टोकं सव्वा सेंटिमीटर खाली आली. सुभेदारांना बोलावलं. ते या वेळी उभे राहिले नाहीत. खुर्ची ओढून बसले, मग खुर्चीवरूनही खाली सरकले आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून एका बाजूनं बराच वेळ बघत राहिले. स्ट्रेचरवरून जेवढ्या उंचीवरून दिसतं तेवढ्या.

“आता उभं हाय,” म्हणाले. मग बोट पुढे करून, न लावता, एका पात्याचं टोक दाखवलं. “पण रात्रभर उभं ठेवायचं आसंल तर हे बांधावं लागतंय. वाऱ्यानं पातं हापटतंय. टोकाला फडक्याची टोपी आन् तिथून शेपटाला दोरी.”

मी शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणायला उठलो.